दाजी, मी आणि चार पांढऱ्या पावडरी

हाताच्या बोटांना डोळे फुटलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं दुर्दैव असं की तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. परका असता तर त्याचं तोंडभरून कौतुक करून मी मोकळा झालो असतो. घरातला निघाल्यामुळं वर्षानुवर्षं जळत बसलो. जळत होतो हे लिहायला मला लाज वाटत नाही. आमच्याकडं आतलं आत ठेवायची पद्धत नाही, आणि ठेवायला तेवढी जागाही नव्हती.

हे जळणं कळायचं तर आधी आमचं घर कळायला हवं. किकवीपासून आत, ओढ्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या. तात्या भोरला भाताच्या गिरणीत पोती वाहायचे. एका श्रावणात ओल्या पायरीवरून पोत्यासकट घसरले आणि त्यांची पाठ गेली ती गेलीच. मग आई त्याच गिरणीत पाखडायला जाऊ लागली. संध्याकाळी पदराच्या गाठीत कण्या बांधून आणायची, त्याच शिजायच्या. अख्ख्या तांदळाचा भात फक्त लग्नाच्या पंगतीत वाढतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तात्यांना उठवायला-बसवायला दिवसभर घरात कुणीतरी लागायचं. त्यावर चर्चा वगैरे काही झाली नाही. ताई तेव्हा नववीत होती, मी सहावीत. एका सोमवारी माझ्या फाटक्या दप्तराच्या जागी तिचं धड दप्तर माझ्या पाठीवर आलं, आणि ती दारात उभी राहून मला म्हणाली, “पळ, एस्टी चुकंल.” एवढंच. ते दप्तर पाठीवर घेऊन मी जो पळालो तो बी.फार्म. आणि पुढं एम.फार्म. करूनच थांबलो. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला. काळा झगा घातलेला माझा फोटो तात्यांनी देव्हाऱ्याच्या शेजारी लावला. सकाळी देवांना लावून अंगारा उरला, तर तो मलाही लागायचा.

मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असताना ताईचं लग्न ठरलं. स्थळ विंझरचं. मुलगा हायवेच्या एका औषध कंपनीत गोळ्या दाबायच्या मशीनवर होता. शिक्षण दहावी नापास, गेलेला विषय इंग्रजी. ऐकून मी मनातल्या मनात खूश झालो. घरात आता असा एक माणूस येणार होता, ज्याच्यासमोर माझं शिक्षण उजळून निघेल. मी बोलेन, तो “व्हय का?” म्हणेल. पण लग्नाच्या मांडवातच घोटाळा झाला. करवल्या नवरदेवाच्या पाटाभोवती रांगोळी काढत होत्या आणि ती चिमटीतून सुटत नव्हती, नुसत्या गुठळ्या पडत होत्या. नवरदेवांनी मुंडावळ्या बाजूला सारल्या, वाकले, चिमूटभर रांगोळी घेतली, अंगठा तर्जनीवर दोनदा फिरवला आणि म्हणाले, “दमाट झालीया. तव्यावं दोन मिनटं परता. मंग आपसूक वाहंल.” करवल्या फिदीफिदी हसल्या. माझ्या आत्यानं गंमत म्हणून खरोखर तवा ठेवला. रांगोळी दुधाच्या धारेसारखी वाहायला लागली. अक्षता पडायच्या आधीच नवरदेवाचं नाव मांडवभर झालं. आणि पावडरीतला ओलावा नि तिचं वाहणं या विषयात ज्याला कॉलेजात सगळ्यांत जास्त मार्क होते तो मी, त्याच मांडवात पाण्याचे जग भरत फिरत होतो.

जगातली एकही पावडर दाजी हात न लावता पुढं जाऊ देत नाहीत. भंडारा, गुलाल, सिमेंट, मिसरी, ग्लुकोज, लहान बाळाच्या अंगाची पावडर, काहीही. याचं कारणही त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं होतं. “कंपनीत हातमोजं घालून ऱ्हावं लागतं, पावणं. कंपनीची पावडर म्या उघड्या हातानं कधी धरली न्हाई आन धरनार बी न्हाई. मंग दिसभर बोटं उपाशी ऱ्हात्यात. त्यांस्नी भाईर तरी खाऊ घालाय नगं?” ही उपाशी बोटं घेऊन ते एकदा माझ्याबरोबर भोरला पिठाच्या गिरणीत आले. दळण आमचं नव्हतंच. दुसऱ्याच कुणाच्या तरी डब्यात पीठ पडत होतं. त्यात दाजींनी दोन बोटं घातली आणि गिरणीवाल्याला सांगितलं, “मालक, दगडाला टाकी लावाय झालीय. डाव्या अंगाला गुळगुळीत झालाय.” गिरणीवाला खवळला. “तू कोन रं? दगडाचा डाक्टर?” मी आमची ओळख नसल्यासारखा बाहेर जाऊन एस्टीचं वेळापत्रक वाचत उभा राहिलो. पुढच्या आठवड्यात गेलो तर गिरणी बंद, दगड उचलून ठेवलेला आणि मालक छिन्नी घेऊन डाव्या अंगालाच बसलेला. मला पाहून म्हणाला, “तुमचं दाजी काय शिकल्यात हो?” मी म्हणालो, “मी एम.फार्म. करतोय.” तो म्हणाला, “तुमचं न्हाई, दाजींचं इचारतोय.”

माझ्या आईनंही काही कमी केलं नाही. दिवाळीला तिचे रव्याचे लाडू दरवर्षी फुटायचे. वळताना गोल दिसायचे, डब्यात गेले की वरची टोपी सुटायची. मी तिला तीन दिवाळ्या समजावलं होतं, की आई, कणांना धरून ठेवायला ओलावा लागतो, शिवाय आतली हवा हळूहळू बाहेर निघाली पाहिजे. तिनं ऐकलं आणि मला खोबरं किसायला बसवलं. दाजींनी पहिल्याच दिवाळसणाला लाडवाचा भुगा चोळून पाहिला. “मामी, रवा लई भाजलाय. वलावा समदा गेला. धुळीला धूळ कशी धरंल? आन वळताना एकदम आवळू नगा. आदी हलकं दाबा, वारा जाऊ द्या, मंग आवळा.” मी जे सांगितलं होतं तेच. शब्दाला शब्द तेच! त्या वर्षी एकही लाडू फुटला नाही, आणि त्या वर्षापासून आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर झालं, “जावईबापूंना इचार.” बोअरला पाणी का कमी आलं, जावईबापूंना विचार. टीव्हीवर मुंग्या का येतात, जावईबापूंना विचार. तात्यांची रक्तदाबाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हेसुद्धा. एम.फार्म. झालेला मुलगा समोर बसला असताना, तात्या विंझरला फोन लावायचे.

गोळीचा विषय निघाला आहे तर एक सांगून ठेवतो. गोळी हातात घेतली की आपण समजतो, हे सगळं औषधच. तसं नसतं. कित्येक गोळ्यांत खरं औषध मोहरीच्या दाण्याएवढं असतं. तेवढंच कागदात बांधून दिलं तर ते कागदालाच चिकटून राहील. म्हणून त्यात भराव घालतात आणि दाबून गोळी करतात. भरावाच्या पावडरी पुष्कळ आहेत. दिसायला सगळ्या पांढऱ्या, स्वभाव प्रत्येकीचा वेगळा. ते स्वभाव मी आलेखांवर शिकलो, दाजींनी ते नातेवाइकांवर बसवले होते. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती दाबली की बारीक फुटते आणि फुटलेले तुकडे एकमेकांत गच्च बसतात. ती माझी आई. स्टार्च दाबलं की दबतं, हात काढला की परत फुगतं. ते दाजींचे थोरले भाऊ, जे बांधाच्या भांडणात प्रत्येक बैठकीला “व्हय व्हय” म्हणतात आणि घरी गेले की पहिल्यासारखे. फॉस्फेट म्हणजे मुरूम, वजनदार, कोरडं, वरून पाणी ओतलं तरी ढिम्म. ते आमचे तात्या. आणि सेल्युलोज, लाकडाच्या लगद्यापासून करतात ते, जसं दाबाल तसं बसतं आणि बसलेलं पुन्हा सोडत नाही; ती माझी ताई. विंझरच्या ओट्यावर हा कार्यक्रम चालला होता, सगळे हसत होते. मी विचारलं, “आणि मी कोणती पावडर?” दाजींनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “तुमी औषद. बाकी आमी समदे भराव.” ताई हसली नाही, आत निघून गेली. मला तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता, असं आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एम.फार्म. झाल्यावर मला नोकरी लागली ती नेमकी दाजींच्याच कंपनीत. मी वरच्या मजल्यावर संशोधन खात्यात, ते खाली मशीनवर. एक वर्ष कच्ची नोकरी, काम पाहून कायम करणार. कंपनीत मी आमचं नातं कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर लपवलं. दाजींनी ते ओळखलं असावं, कारण पहिल्या दिवसापासून ते मला ‘सर’ म्हणायला लागले. पण त्यांचं ‘सर’ असं, की त्यापेक्षा ‘पावणं’ परवडलं असतं. कँटीनमध्ये चाळीस माणसांत आरोळी द्यायचे, “सर, तुमच्या ताईनं जवसाची चटनी दिलीया सर. डब्याचं झाकान परत द्या सर, मागल्या येळंचं बी हाये तुमच्याकडं.” आठवड्यात साऱ्या कंपनीला कळलं. आणि मग माझ्या खात्यातले लोकसुद्धा मला विचारू लागले, “तुम्ही त्यांचे मेहुणे का? अरे वा!” माझ्याहून तीन-तीन वर्षं जुने साहेब लोक माझ्याशी आदरानं बोलू लागले, तो आदर माझ्या पदवीचा नव्हता.

वर्ष संपायला दोन महिने राहिले असताना आमच्या खात्याच्या मॅडमनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. रक्तदाबाच्या एका गोळीसाठी चार भराव ताडून बघायचे, त्यातला योग्य तो ठरवायचा आणि अहवाल द्यायचा. “हे नीट झालं तर तुमच्या कायमच्या कागदावर सही करायला मला काही अडचण नाही,” त्या म्हणाल्या. नीट झालं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इकडं तात्यांनी पोरगा साहेब झाला म्हणून ओढ्याच्या अलीकडं-पलीकडं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. काठी टेकत जाऊन सांगितलं होतं. आता कच्च्या नोकरीतून घरी परत येणं म्हणजे त्यांना काठी टेकत पुन्हा घरोघर पाठवणं. आणि या कामासाठी मशीनवर माणूस कोण दिला? मॅडम म्हणाल्या, “तुमचं नशीब चांगलं आहे. आपला सगळ्यांत चांगला हात दिलाय तुम्हाला.”

स्टार्च पहिल्याच दिवशी गेलं. गोळी बाहेर पडली की वरची टोपी टचकन उडायची. दाजी पांढऱ्या पोशाखात, तोंडावर फडकं, फक्त डोळे उघडे. ते डोळे हसत होते. “थोरलं भाऊ आलं बगा, सर.” लॅक्टोजची गोळी देखणी निघाली, पण उबेच्या कपाटात ठेवली तशी हळूहळू पिवळी पडली, आमच्या औषधाशी तिचं जमेना. फॉस्फेटची गोळी दगडासारखी झाली, पाण्यात टाकली तर तासभर तशीच बसून राहिली. उरलं सेल्युलोज. मी सुरुवातीपासून बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की सेल्युलोजच जिंकणार. चार पुस्तकांचे दाखले दिले होते. त्या दिवशी मिश्रण मी स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्यात शेवटी वंगणाची पावडर घालतात. ती चिमूटभरच असते, गोळी मशीनच्या साच्याला चिकटू नये म्हणून. ती घातली, डबा फिरवायला लावला आणि जातीनं उभा राहिलो. मिश्रण खाली पाठवलं. गोळ्या आल्या त्या मऊ. नखानं कड निघत होती. तपासणीच्या फिरत्या चक्रात टाकल्या तर निम्म्यांचा भुगा झाला. दाजींनी दाब वाढवला, अजून वाढवला, मशीन कण्हायला लागली. गोळी मऊची मऊ.

वर येऊन मी टेबलाशी बसलो. पुस्तक चुकीचं असू शकत नव्हतं. मी चुकीचा असू शकत नव्हतो. मग राहिलं कोण? आमच्याकडं काही बिघडलं की एक फॉर्म भरतात. काय झालं, का झालं, जबाबदार कोण. त्यात ‘का झालं’ समोर मी इंग्रजीत लिहिलं, ऑपरेटर निग्लिजन्स. मशीन नीट लावली नाही, दाब नीट दिला नाही. लिहिताना वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. लग्नातली रांगोळी, गिरणीचा दगड, दिवाळीचे लाडू, सगळ्याची भरपाई त्या दोन शब्दांत झाली असं वाटलं. पण त्या फॉर्मवर खाली ऑपरेटरची सही लागते. तो घेऊन मी खाली गेलो.

दाजी बाहेरच्या खोलीत बाकावर बसले होते. त्यांनी फॉर्म घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागले. पंधरा वर्षं कंपनीचे कागद हाताळून त्यांना वाचता बरंच येत होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. एका जागी बोट थांबलं.

“सर, ह्यो शबुद कंचा? निग... निगलिजन्स. ह्येचा अर्थ काय?”

“म्हणजे...” मी म्हणालो, “लक्ष जरा कमी पडलं, असं.”

दाजी विचारात पडले. खरोखरच आठवून पाहू लागले. “पडलं आसंल बगा. सकाळी तुमच्या ताईच्या अंगात ताप हुता. निगताना जीव लागंना. मशीन तर नेमानं लावली हुती... पन पडलं आसंल.” आणि त्यांनी खिशाला लावलेलं पेन काढलं. टोपण उघडलं. एवढा मोठा मी पदवीधर, मुकाट उभा राहिलो.

पेन कागदाला टेकवता टेकवता ते थांबले. “पन सर, एक सांगा. शेवटची पावडर घातल्याव डबा किती येळ फिरवला?”

“चांगला पंचवीस मिनिटं.”

“पंचवीस?” दाजी बाकावरून उठलेच. “आन कागदाव किती लिवल्यात?”

“तीन. पण मी म्हटलं, जितकं जास्त फिरेल तितकं चांगलं मिसळेल.”

“आरं तिच्या! पावणं, चिखलनी केली व्हय तुमी!” इतक्या दिवसांचं ‘सर’ एका झटक्यात गळून पडलं.

आणि ते म्हणाले तेच खरं होतं. भाताच्या खाचरात लावणीआधी चिखल तुडवतात. लहानपणी लोकांच्या खाचरांत मी आईबरोबर गुडघाभर चिखलात फिरलेलो. पाय भरून आले तरी ती म्हणायची, अजून एक फेरी मार, चिखल जेवढा मुरंल तेवढा भात धरतो. हे माझ्या पायांतच बसलं होतं. मन लावून केलेलं काम म्हणजे जास्त वेळ केलेलं काम. पुण्यातल्या एखाद्या मुलानं घड्याळ पाहून तीन मिनिटांत डबा थांबवला असता आणि चहाला गेला असता. मी कष्ट केले.

“पोळीच्या घडीत तेलाचा हात कशापायी लावत्यात?” दाजी विचारत होते. “पदर सुटावा म्हनून. ती शेवटची पावडर म्हंजी तेलाचा हात. वरनं लावायचा आन सोडायचं. तुमी पंचीस मिनटं चोळून एकएका कनाला तेल माखलं. सेलुलोज काय फुटत न्हाई, ते नुसतं चपटं व्हतंय. तेलकट त्वांडाला तेलकट त्वांड, धरंल कशाला? त्येच फासफेट आसतं तर चाललं आसतं, ते दाबलं की फुटतंय, आत नवं कोरडं त्वांड गावतंय.” हा सगळा भाग माझ्या पुस्तकात होता. एकशे कितव्या तरी पानावर होता, खाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती. वाचताना मला तो कळला नव्हता, बाकाशेजारी उभा राहिल्यावर कळला.

मी फॉर्म त्यांच्या हातातून घेतला आणि फाडायला गेलो. दाजींनी मनगट धरलं. ती बोटं मला पहिल्यांदाच लागली, चिमट्यासारखी. “फाडायचा न्हाई. हितं कागुद फाडत न्हाईत. खोडायचं बी न्हाई. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे. बाजूला कारन लिवायचं आन सही करायची. तुमास्नी कालिजात शिकवलं न्हाई?” शिकवलं होतं. औषध कंपनीत झालेली चूक लपवता येत नाही, ती दिसत ठेवूनच सुधारावी लागते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मी त्या दोन शब्दांवर एक रेघ मारली. बाजूला कारण लिहिलं, मिश्रण करताना वंगण जास्त वेळ फिरवलं, चूक माझी. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांचं मिश्रण केलं, गोळी धड निघाली. पण दाजींचं समाधान होईना. हातमोज्यातून गोळी इकडंतिकडं फिरवत म्हणाले, “नुसत्या चिकनमातीचा बांध भेगाळतो आन नुसत्या मुरमाचा पाझरतो. दोन्ही घालून बगू का, सर?” पुन्हा ‘सर’. दोन भाग सेल्युलोज, एक भाग फॉस्फेट. फॉस्फेटनं गोळीला वजन दिलं, सेल्युलोजनं धरून ठेवली आणि पाण्यात पडल्यावर तिला उलगडूनही दिलं. मॅडमनी चार दिवस वेगवेगळ्या चाचण्या लावल्या, एकीतही ती हलली नाही. मी अहवाल लिहायला बसलो तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण त्यात खडा होताच. बांधाचं मला का सुचलं नाही? बांध तर मीही घातले होते.

त्या रविवारी मी विंझरला गेलो. ताईचा ताप उतरला होता. तिनं इंद्रायणीचा भात वाढला, वर तूप. दाजी समोर बसून मुकाट जेवत होते. आमटी दुसऱ्यांदा घेताना सहज बोलावं तसं म्हणाले, “पावणं, त्या शब्दाचा अर्थ थोरल्या भावाच्या पोरीनं मोबाईलवं काडून दिला.”

ताईनं माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं.

“हलगर्जी,” दाजी म्हणाले. “बरा शबुद हाये. आमच्या खात्यात चार जनास्नी लागू व्हतो. मला न्हाई व्हत.” आणि भाताचं पातेलं माझ्याकडं सरकवलं. “घ्या, लाजू नगा. तुमची ताई पुन्ना इचारनार न्हाई.”

मी भात घेतला. माफ करा म्हणायची आमच्याकडं सवय नाही, मलाही ते नीट म्हणता आलं नाही. “दाजी, त्या दिवशी...” एवढं म्हणालो, तर ते म्हणाले, “रेग मारली न्हवं तुमी? सही केली न्हवं? मंग झालं की.” ताईनं माझ्या पानात न विचारता तूप वाढलं.

आता खाली नवीन मशीन आली आहे. प्रत्येक गोळीवर किती दाब पडला ते पडद्यावर आकड्यांत दिसतं, चुकीची गोळी मशीनच बाजूला टाकते. दाजी तिच्यासमोर हात मागं बांधून उभे राहतात. पोरांना आकडे वाचून दाखवतात, इंग्रजीतच. मी काचेतून पाहतो तेव्हा त्यांचा मागं बांधलेला अंगठा तर्जनीवर फिरत असतो, नुसताच, मध्ये काही नसताना. मला खाली जाऊन म्हणावंसं वाटतं, दाजी, चला, भोरला पिठाच्या गिरणीत जाऊन येऊ. अजून म्हटलेलं नाही. मी आजही थोडा जळतो. एवढं जळण्याजोगं माणूस घरात आहे याचं मात्र आता मला बरं वाटतं.

ती गोळी मंजूर झाली. त्याच मिश्रणानं अजून निघते, आणि आमचे तात्या रोज सकाळी तीच घेतात. मी कायम झालो. अहवालावर काम करणाऱ्यांच्या जागी दोन नावं आहेत, दाजींचं आणि माझं.